सतरा नंबरचं झाकण

बाहेर उणे एकतीस.
सस्कॅचेवानचा जानेवारी
कडीला लागलेलं बोट सोडत नाही.
आत सतरा नंबर उभा,
डाव्या कुशीत रबराचं गोल झाकण,
पिठाच्या डब्याला बसवावं तसं.
मी ते उघडते. वाफ येते,
आंबलेल्या गवताची, किंचित गोड,
किंचित बंद पडलेल्या भट्टीची.

खांद्यापर्यंत हातमोजा. खांद्यापर्यंत हात.
या घडीला आसपासच्या शंभर मैलांत
इतकी ऊब कुठे नसेल,
माझ्या स्वयंपाकघरातही नाही.
सतरा नंबर मान वळवून बघतो
आणि पुन्हा रवंथाला लागतो,
जणू कुणी खिशात हात घातलाय
आणि खिसा त्याचा नव्हेच.

दोरी ओढते. एकेक नायलॉनची पिशवी वर येते.
परवा प्रत्येकीत पाच ग्रॅम
बार्लीचा पेंढा मोजून भरला होता.
नळाखाली धुते, पाणी नितळ होईस्तोवर.

बावीस नंबरला तेल नाही.
त्याच्या पिशवीतला पेंढा निम्मा उरलाय,
मऊ, कुरतडलेला.
सतराच्या चाऱ्यात कॅनोलाचं तेल, शंभरात आठ भाग.
त्याचा पेंढा गेला तसा परत आलाय,
फक्त चकचकीत होऊन,
लग्नाला जाऊन उपाशी परतलेल्या माणसासारखा.

खरं तर बैल गवत खात नाही.
तो ते खाऊ घालतो
कोठीपोटातल्या अंधारातल्या लोकांना,
आणि त्यांनी शिजवलेल्यावर स्वतः जगतो.
तेल आलं की ते लोक आधी तेलाशी झुंजतात,
पातळाचं घट्ट करत बसतात, कण कण.
थोडं असेल तर जमतं.
जास्त झालं की काडीवर तवंग चढतो,
पकड सुटते,
आणि पेंढा पचवणारे तेवढे आधी मरतात.

डॉक्टर फेर खूश आहेत.
फळ्यावर लिहिलंय, ढेकरांतला वायू घटला.
खालची ओळ माझ्या अक्षरात:
चाराही घटला.
जेवलाच नाही तो ढेकर कसली देणार?

टोरवाल्ड आयकनेसचा फोन याच आठवड्यातला.
सप्टेंबरात हिमकडाका पडला,
त्याचा कॅनोला हिरवाच राहिला,
धान्यकोठाराने ट्रक दारातून परत पाठवला.
आईची शिकवण, दाणा टाकायचा नाही.
मग भरडून गुरांपुढे. फुकटचं तूप.
पहिला आठवडा अंगावर तकाकी आली.
तिसऱ्या आठवड्यात भरल्या गव्हाणीसमोर
चाळीस गुरं नुसती उभी.

"पोटात हात घालते ती तूच ना?"

मी गेले. ताजं शेण घेतलं,
त्याच्या बायकोची चाळण मागितली
(परत नको म्हणाली),
कोमट पाण्यात धुतलं.
बोटाएवढ्या काड्या, अख्ख्या.
तो म्हणत होता बुरशी असेल, पाणी असेल,
नव्या पोराने काही केलं असेल.
किती घालतोस, विचारलं.
कॉफीचा डबा दाखवला,
वर हाताने शीग लावून.

पाव डबा, मी म्हटलं. सपाट.
"आणि उरलेल्याचं काय करू?"
याचं उत्तर पशुआहाराच्या कुठल्याच तक्त्यात नाही.
आम्ही दोघं कणगीकडे बघत राहिलो.
आत साठ टन पिवळं व्हायचं राहून गेलेलं.

काल त्याचा निरोप आला, गव्हाणी चाटून साफ.

मी वजन करते. सतरा नंबर, चार पूर्णांक एक.
वहीत लिहिते.
त्याचं झाकण बसवते, अंगठ्याने कडा दाबत.
प्रयोगाचे अजून नऊ दिवस.
टोरवाल्डला सांगितलं ते याला सांगता येत नाही.
कपाटातून पिवळी बाटली काढते,
रेघेपर्यंत मोजते,
त्याच्या चाऱ्यावर ओतते.
तो हुंगतो,
आणि मी वही मिटेपर्यंत
तसाच उभा राहतो.